टर्फ कोर्टवर त्याच जागी पुन्हा पुन्हा खळगा पडतो, जोड उघडतो: कारण कसे शोधावे आणि दुरुस्ती कशी करावी

घरामागच्या अंगणात घातलेल्या कृत्रिम हिरवळीच्या कोर्टची एक तक्रार फार चिवट असते. पावसानंतर एका ठराविक जागी पाणी साचते, तेथे चेंडू मेल्यासारखा पडतो, काही आठवड्यांनी त्याच भागातून जाणारा जोड एक-दोन वीत उघडतो आणि त्याची कड पायात अडकू लागते. जोड पुन्हा चिकटवला की दोन-तीन महिने सारे ठीक वाटते आणि मग तोच खळगा, तेच डबके व तोच उघडलेला जोड परत समोर येतो. हा लेख केवळ या तक्रारीसाठी आहे. कोर्ट माती-खडीच्या पायावर घातले आहे असे मी येथे गृहीत धरतो. काँक्रीटवरच्या कोर्टविषयी शेवटी थोडे लिहिले आहे.

प्रथम स्वतःची चूक सांगतो. माझ्या घरामागे सुमारे १५ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद कोर्ट आहे. त्यावरील एक जोड बसवणाऱ्या कंत्राटदाराने दोनदा चिकटवून दिला आणि तिसऱ्या खेपेस मी स्वतः चिकटवला. तिसऱ्या वेळी मी अधिक शहाणपणा करून गालिच्याखाली दोन घमेली नदीची वाळू पसरली आणि खळगा भरून काढला. सहा आठवड्यांत ती वाळू पायांच्या दाबाने दोन्ही बाजूंना सरकली आणि एका खळग्याच्या जागी एक खळगा व दोन उंचवटे तयार झाले. चौथ्या वेळी गालिचा उलटून खालचा थर खणला, तेव्हा कळले की त्या रेषेत बागेच्या नळासाठी पूर्वी चर खणलेला होता आणि तो नुसत्या सुट्या मातीने बुजवलेला होता. इतके दिवस आम्ही सर्वजण गोंदाला दोष देत होतो.

असे होण्याचे कारण कोर्टच्या रचनेतच आहे. वर दिसणारा गालिचा हा प्लास्टिकच्या पात्या ओवलेले एक कापड असते. त्याच्या पाठीवर लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि पाणी खाली जावे म्हणून त्या लेपात ठराविक अंतरावर भोके पाडलेली असतात. या गालिच्याला स्वतःचा ताठपणा जवळजवळ नसतो. खालचा थर ज्या आकाराचा होईल तो आकार गालिचा घेतो. थर खाली बसला की गालिचा त्याच्यामागे खाली जातो, जोडाच्या दोन्ही कडा एकमेकींपासून ओढल्या जातात आणि साचलेले पाणी जोडपट्टीला, म्हणजे दोन्ही कडा ज्या पट्टीवर खालून चिकटवलेल्या असतात तिला, सतत भिजवत ठेवते. म्हणजे जोड उघडणे हा बहुधा शेवटचा टप्पा असतो. मात्र ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण आहे, कारण काही वेळा दोष खरोखरच गोंदाचा, पात्यांमध्ये भरलेल्या वाळूचा किंवा उन्हाचा असतो. म्हणून काहीही उघडण्यापूर्वी थोडी तपासणी करावी. तिला पैसे लागत नाहीत, फक्त एक पाऊस किंवा पाण्याचा पाइप आणि अर्धा दिवस लागतो.

पहिला प्रश्न असा की, पाणी गालिच्यावर अडले आहे की गालिच्याखालीही साचले आहे? डबके दिसत असतानाच उघडलेल्या जोडाची कड थोडी उचलावी. वर पाणी आणि खालची खडी नुसती ओलसर असेल, तर पायाचा निचरा चांगला आहे आणि पाठीची भोके बुजलेली आहेत. न धुतलेल्या वाळूतील माती, कुजलेली पाने आणि सावलीतील शेवाळ यांचा हा परिणाम असतो आणि त्यासाठी खणण्याची गरज नाही. त्या भागातील वाळू सुकवून काढावी, भोके कडक ब्रशने आणि पाण्याने मोकळी करावीत आणि धुतलेली नवी वाळू भरावी. पण कड उचलल्यावर खालीही पाणी तरंगताना दिसले किंवा बोट टेकवताच चिखल वर आला, तर खडीचा थर पाणी सोडत नाही, हे निश्चित समजावे.

दुसरी तपासणी खळग्याच्या आकाराची. पाऊस थांबल्याबरोबर डबक्याच्या कडेने खडूने रेषा ओढावी, अर्ध्या तासाने डबके आकसल्यावर दुसरी आणि नंतर तिसरी. एकात एक बसलेल्या या रेषा म्हणजे खळग्याचा नकाशाच असतो, आणि त्यांच्या आकारावरून खाली काय असावे याचा बराच अंदाज येतो. लांबट आणि अरुंद आकार बुजवलेल्या चराकडे किंवा पाइपकडे बोट दाखवतो. गोल आकाराखाली जुने झाडाचे खोड कुजत असण्याचा किंवा खड्डा नीट न भरल्याचा संशय घ्यावा. कडेला चिकटलेला अर्धगोल असेल तर कडेचा कठडा सरकला आहे किंवा तेथून थर वाहून गेला आहे. माझ्या कोर्टवरील रेषा जवळजवळ अडीच मीटर लांब आणि हातभर रुंद होत्या. त्या मी पहिल्याच वर्षी आखल्या असत्या, तर तीन वेळचा गोंद वाचला असता.

खोली मोजण्यासाठी ३ मीटर लांबीची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी ठेवावी आणि तिच्याखालची फट मोजावी. खेळाच्या कोर्टसाठी ही फट ६ ते १० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. याच वेळी पूर्ण कोर्टचा उतारही दोरी आणि पाण्याच्या लेव्हलने पाहून घ्यावा. दर मीटरला १ सेंटिमीटर, म्हणजे १ टक्का उतार पुरेसा असतो. ८ मीटर रुंदीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ८ सेंटिमीटरचा फरक यायला हवा. हा उतारच नसेल, तर एक खळगा भरल्यावर पाणी शेजारची दुसरी सखल जागा शोधेल आणि तक्रार फक्त जागा बदलेल.

आता जोडाकडे यावे. उघडलेला जोड पुन्हा चिकटवण्याची घाई करण्याआधी तो वाचावा, असे मी म्हणेन, कारण गोंद कोणत्या बाजूला राहिला आहे यावर निदान अवलंबून असते. जोडपट्टीवर गोंद गुळगुळीत व पूर्ण आहे आणि गालिच्याची पाठ मात्र कोरी आहे, असे दिसले तर चिकटवताना पाठ ओली किंवा धुळीने माखलेली होती, अथवा गोंदावर साय धरल्यानंतर गालिचा त्यावर टेकवला गेला होता. हा कारागिरीचा दोष आहे. गोंद फेसासारखा फुगलेला आणि बोटाने चुरगळणारा असेल, तर ओलाव्याशी संयोग होऊन कडक होणारा पॉलियुरेथेन गोंद गरजेपेक्षा अधिक पाण्यात सापडला. याउलट, गोंद दोन्ही बाजूंना घट्ट धरून आहे आणि गालिच्याच्या पाठीचा लेपच सोलून पट्टीवर आला आहे, असे आढळले तर गोंदाने आपले काम चोख केले होते. गालिचाच ओढला गेला, आणि ओढणारी शक्ती खाली आहे. लॅटेक्सची पाठ सतत ओल्यात राहून मऊ पडल्यावरही असे सोलणे दिसते, पण तेथेही मूळ पाणीच असते.

उन्हाची शंका दूर करणेही सोपे आहे. जोडातील फट पहाटे आणि भर दुपारी अशी दोनदा मोजावी. थंडाव्यात ती रुंदावते आणि उन्हात मिटते किंवा दुपारी गालिच्याला सुरकुत्या येतात व रात्रीतून त्या जातात, असे असेल तर गालिचा तापमानानुसार आकुंचन-प्रसरण पावतो आहे आणि त्याला जागेवर धरून ठेवणारी वाळू कमी पडली आहे. दिवसभर फट तेवढीच राहत असेल, तर उन्हाचा संबंध नाही. येथे एक आडवाट घेतो: केवळ एका पट्ट्यात पात्या वितळल्यासारख्या गुंडाळलेल्या दिसल्या, तर समोरच्या खिडकीच्या उष्णतारोधक काचेवरून परावर्तित होणारे ऊन तेथे एकवटते का ते पाहावे. त्यावर कोणतीही जमीनदुरुस्ती चालत नाही. काचेवर जाळी किंवा बाहेरून पडदा लावावा लागतो.

तपासणी पायाकडे बोट दाखवत असेल, तर गालिचा उघडावा लागेल. कोरडे हवामान सलग दोन-तीन दिवस राहील असे पाहून काम काढावे, कारण ओली वाळू निघत नाही आणि ओल्या पाठीवर गोंद लागत नाही. खळग्याच्या चहूबाजूंनी सुमारे एक मीटर अधिक जागा धरून तेवढ्या भागातील वाळू कडक ब्रशने उकरून काढावी आणि गोण्यांत भरून ठेवावी. ही वाळू सिलिकाची असते आणि तिची बारीक धूळ फुफ्फुसांना घातक असते. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, चांगला धूळरोधक मास्क घालावा. गालिच्याला मध्येच नवा छेद देऊ नये. जुन्याच जोडावरून तो उघडावा, आणि उचललेला भाग घडी न घालता मोठ्या गोलाईने गुंडाळून बाजूस ठेवावा, कारण घडीची खूण पाठीवर कायमची उमटते.

उघड्या पडलेल्या थरावर प्रथम टोकदार सळई टोचत फिरावे. नीट दबलेल्या खडीत ती दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे हाताच्या जोराने जात नाही. जेथे ती सहज वीतभर आत जाते, तेथे भराव पोकळ आहे. या पोकळ जागेची सीमा आखून घेतल्यावरच फावडे हाती घ्यावे. खणताना थर कसे दिसतात हे पाहत जावे, कारण दुरुस्ती त्यावर ठरते.

वरचा बारीक दगडी चुरा नाहीसा झाला आहे आणि खालची मोठी खडी स्वच्छ व सुटी दिसते, असे आढळले तर चुरा खडीच्या फटींतून खाली झिरपला आहे. मोठ्या, एकसारख्या आकाराच्या खडीवर एकदम बारीक चुरा टाकला की असे होतेच. दोहोंच्या मध्ये मधल्या आकाराच्या कणांचा थर किंवा न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे पण कण अडवणारे कृत्रिम कापड) हवे असते. खडी चिखलात रुतलेली आणि मातीच्याच रंगाची झालेली असेल, तर खालची चिकणमाती पावलांच्या दाबाने वर खडीत शिरली आहे. तेथे माती आणि खडी वेगळे ठेवणारे कापड घातलेच नव्हते किंवा ते फाटले आहे. चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते, त्यामुळे अशा जागी खळगा कोरड्या ऋतूत एका खोलीचा आणि पावसात दुसऱ्याच खोलीचा दिसतो. तिसरा प्रकार माझ्या वाट्याला आला तो, म्हणजे चर किंवा खड्डा दबाई न करता बुजवलेला असणे. मुळे, कुजलेले लाकूड किंवा उंदरांची बिळे सापडली तर ती अर्थातच काढावी लागतात. जिवंत झाडाचे जाड मूळ तोडण्यापूर्वी मात्र ते झाड आधारावाचून कलंडणार नाही ना, हे पाहावे.

याबरोबर एक गोष्ट तपासल्याशिवाय खड्डा बुजवू नये: हे पाणी येते कोठून? कोर्टवर पडणारा पाऊस हा एकच स्रोत असेल, तर १० मिलिमीटर पावसात दर चौरस मीटरला १० लिटर पाणी येते आणि चांगला पाया ते सहज पचवतो. पण छपराच्या पन्हळीचा पाइप कोर्टच्या कडेला सोडलेला असेल, तर १०० चौरस मीटर छपराचे १,००० लिटर पाणी त्याच पावसात एका कोपऱ्यात ओतले जाते. शेजारची बाग कोर्टपेक्षा उंच असेल किंवा तुषार सिंचनाचा नळ गळत असेल, तरी परिणाम तोच. माझ्याकडे जुन्या चरातील सुटी माती एखाद्या भूमिगत नालीसारखी काम करत होती आणि बागेतले पाणी तिच्यातून थेट कोर्टच्या मध्याखाली येत होते. पन्हळीचे पाणी वळवणे आणि वरच्या कडेला भोकांचा पाइप घातलेली खडीची नाली काढणे, ही दोन कामे आधी केली नसती तर पाचव्यांदा दुरुस्ती करावी लागली असती.

भरताना सर्वांत मोठा मोह असतो तो फक्त वरची तूट भरून काढण्याचा. १०-१५ मिलिमीटर चुऱ्याचा पातळ लेप जुन्या कडक थरावर टिकत नाही. तो कडेला पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून पोकळ भाग घट्ट जमीन लागेपर्यंत खणावा आणि खड्ड्याच्या कडा उभ्या न ठेवता पायऱ्यांसारख्या कापाव्यात, म्हणजे नवा भराव जुन्यात गुंततो. तळाची माती धुमसाने ठोकून घट्ट करावी. तिच्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे आणि ते जुन्या कापडावर किमान ३० सेंटिमीटर चढू द्यावे. त्यावर वेगवेगळ्या आकारांचे कण असलेली, २० मिलिमीटरपर्यंतची फोडीव खडी भरावी. एका वेळी ५ ते ७.५ सेंटिमीटरपेक्षा जाड थर टाकू नये, कारण लहान प्लेट कॉम्पॅक्टरचा, म्हणजे कंप देऊन जमीन दाबणाऱ्या यंत्राचा, दाब त्याखाली पोहोचत नाही आणि वरून कठीण वाटणारा भराव आतून सुटाच राहतो. प्रत्येक थरावर पाणी मारावे, पण बेताने: मूठभर भराव दाबल्यावर गोळा बनला पाहिजे आणि बोटांमधून पाणी गळता कामा नये. अगदी कोरडा भराव दबत नाही, आणि अति ओला कॉम्पॅक्टरखाली हिंदकळतो.

शेवटचा २० ते २५ मिलिमीटरचा थर ६ मिलिमीटरखालील दगडी चुऱ्याचा. येथे नदीची गोल वाळू नको. तिचे कण एकमेकांत अडकत नाहीत, हे मी दोन घमेली वाया घालवून शिकलो आहे. गंमत अशी की गालिच्याच्या वर, पात्यांमध्ये भरायची वाळू मात्र गोल कणांचीच लागते, कारण टोकदार कण पात्या आणि गुडघे दोन्ही खरवडतात. चुरा पसरून त्यावर सरळ पट्टी ओढावी, दाबावा, पुन्हा पट्टी ठेवून फट पाहावी, आणि कोर्टच्या मूळ उताराशी तो जुळला आहे का हे दोरीने तपासावे. भरलेला भाग उतार सोडून सपाट केला, तर खळग्याऐवजी एक लहानसा बांध तयार होतो आणि पाणी त्याच्या वरच्या अंगाला अडते.

गालिचा परत टाकण्याआधी पाइपने त्या जागी भरपूर पाणी सोडावे आणि एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी पट्टी ठेवल्यावर नव्याने फट दिसली, तर दबाई पुन्हा करावी. हा एक दिवस वाचवण्याचा हट्ट कंत्राटदार धरतात आणि बहुतेक वेळा मालकही धरतो.

जोडासाठी जुनी पट्टी पुन्हा वापरू नये. सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीची नवी पट्टी जोडाच्या बरोबर मध्यावर येईल अशी अंथरावी. गालिच्याच्या कडांवरचा जुना गोंद खरवडून काढावा. कडा फाटल्या असतील तर त्या कापून दोन्हींच्या मध्ये त्याच गुंडाळीतील उरलेल्या तुकड्याची किमान ३० सेंटिमीटर रुंद पट्टी बसवावी. कापून आखूड झालेल्या कडा ओढून एकत्र आणू नयेत, कारण ताणलेला जोड पहिल्याच थंड रात्री सुटतो. तुकडा बसवताना पात्यांचा कल मूळ गालिच्याच्याच दिशेने असावा, नाहीतर रंग वेगळा दिसतो आणि चेंडूही वेगळा धावतो. गोंद दातेरी थापीने सलग पसरावा, दोन्ही कडांमध्ये २ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवावे आणि एकही पाते खाली गोंदात अडकू देऊ नये. वेळ निवडताना भर दुपार आणि पहाट दोन्ही टाळावी. गालिचा जास्तीत जास्त पसरलेला किंवा जास्तीत जास्त आकसलेला असताना बसवलेला जोड दुसऱ्या टोकाच्या तापमानात ओढला जातो किंवा फुगतो. नंतर जोडावर वाळूच्या गोण्या ओळीने ठेवून २४ तास कोणालाही त्यावर पाय ठेवू देऊ नये.

वाळू भरताना अंदाजाऐवजी वजन करावे. १५ मिलिमीटर उंचीच्या दाट पात्यांना दर चौरस मीटरला सुमारे १८ किलो कोरडी, धुतलेली सिलिका वाळू लागते. तिने साधारण १२ मिलिमीटर उंची भरते आणि पात्यांची टोके मोकळी राहतात. माझ्या १२० चौरस मीटरच्या कोर्टवर हे वजन २ टनांहून थोडे अधिक होते, आणि तेच वजन गालिच्याला जागेवर धरून ठेवते. दोन-तीन हप्त्यांत वाळू टाकून प्रत्येक वेळी पात्यांच्या कलाविरुद्ध नायलॉनच्या ब्रशने ती आत उतरवावी. जेथे पाय सर्वाधिक घासतात तेथील वाळू महिन्याभरात बाजूला सरते, म्हणून दुरुस्तीनंतर पहिल्या काही महिन्यांत ती पुन्हा ओढून सारखी करावी लागते.

काँक्रीटच्या पायावर हीच तक्रार असेल, तर खणण्यासारखे काही नसते. खळगा हा फरशीच्या सपाटीतला दोष असतो आणि तो सिमेंटच्या समतल करणाऱ्या मिश्रणाने भरून काढता येतो. पाण्याला वाटच नसेल तर सखल भागात आरपार भोके पाडून ती खडीने भरावी. फरशीला भेग पडून एक भाग खचला असेल, तर मात्र प्रश्न पुन्हा मातीत जातो.

एका कोर्टवर दूर दूर अशा तीन किंवा अधिक जागी सळई सहज आत जात असेल, तर ठिगळे लावण्याचा विचार सोडावा. त्या पायाची दबाई कोठेच नीट झालेली नाही. गालिचा पूर्ण गुंडाळून पाया नव्याने करणे तेथे स्वस्त पडते, आणि गालिचा चांगल्या स्थितीत असेल तर तो परत वापरता येतो. एकच जागा असेल, तर वर सांगितलेली दुरुस्ती दोन माणसांनी, मध्ये सुकण्याचा वेळ धरून, चार-पाच दिवसांत होते. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात खडू घेऊन कोर्टवर जावे आणि जुन्या डबक्याच्या जागी नवी रेषा आखण्यासारखे काही उरले आहे का, ते पाहावे.